शिळा संदर्भ

कंपनीत सकाळी सगळ्यात आधी हाउसकीपिंगच्या मावशी यायच्या आणि त्यांच्या पाठोपाठ मी. त्यांना फरशी पुसायची असायची, मला रात्रीच्या रनचा निकाल बघायचा असायचा. टेस्टिंगवाल्यांची सकाळ त्या निकालावर ठरते. सगळं हिरवं असेल तर चहा गरम प्यायला मिळतो. २०११ च्या पावसाळ्यातल्या एका सकाळी मी हिंजवडीत पोचले, छत्री कोपऱ्यात उभी केली, मशीन चालू केलं आणि पडदाभर लाल दिसलं.

टेस्ट साधी होती. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या एका वितरकाचं सॉफ्टवेअर आम्ही तपासत होतो. त्यात ऑर्डरींची यादी, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'काढून टाका' असं बटण. टेस्टनं दहा ऑर्डरी टाकायच्या, मग दहाही काढायच्या, आणि यादी रिकामी झाली का ते बघायचं. मी लिहिलं होतं: आधी दहाही बटणं गोळा कर, मग एकेक करून दाब. पहिलं दाबलं गेलं होतं. दुसऱ्याशी रन मेला होता. कारण म्हणून छापलेल्या इंग्रजी ओळीचा अर्थ असा: घटक साठ्यात सापडत नाही, तुम्ही तो शोधून ठेवल्यानंतर कदाचित पान बदललं असावं. यंत्र 'कदाचित' म्हणतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या ओळीआधी चुकीचं लांबलचक नाव होतं: स्टेल एलिमेंट रेफरन्स एक्सेप्शन.

बार्शीहून नुकताच आलेला एक मुलगा माझ्या टीममध्ये होता. तो मागून वाकून वाचत म्हणाला, "ताई, स्टेल म्हणजे शिळं ना? ब्रेड स्टेल होतो तसं?"

त्या दिवसापासून आमच्याकडे त्या चुकीला 'शिळा' म्हणायला लागले. "आज किती शिळे?" हा रोजचा प्रश्न झाला.

पडद्यावर नऊ बटणं दिसत होती, त्याच रंगाची, त्याच जागी. पण पहिली ऑर्डर काढल्यावर पानानं जुनी यादी मोडून नवी मांडली होती. टेस्टच्या हातात होती ती जुन्या यादीतली नऊ बटणं, आणि ती आता कुठंच नव्हती. मला या धंद्यात तोवर सात वर्षं झाली होती आणि अशी चूक मी एकदाही पाहिली नव्हती. माझ्या हातून काही नवीन गाढवपणा झाला असेल, असंच आधी वाटलं. मग हळूहळू कळलं की बदललं होतं ते आमचं हत्यार. त्याला एक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा माझ्या खुर्चीवरून दिसलेला आहे.

मी २००४ साली लागले तेव्हा टेस्टिंग म्हणजे एक्सेलचं शीट. एका रकान्यात काय व्हायला हवं, शेजारी काय झालं. हातानं बटणं दाबायची आणि 'पास' लिहायचं. ज्यांच्याकडे पैसे असत ते मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचं विनरनर किंवा क्विकटेस्ट वापरत. मूळची इस्रायलची ही कंपनी टेस्टिंगच्या बाजारात तेव्हा मोठं नाव राखून होती. २००६ मध्ये एचपीनं ती सुमारे साडेचार अब्ज डॉलरला घेतली. लायसन इतकं महाग की आमच्याकडे चार जणांत मिळून एक असायचं. "झालं का तुझं? मग बंद कर, मला बसायचंय," अशी वाटणी चालायची.

विनरनरमध्ये 'गुई मॅप' नावाची वही असायची, क्विकटेस्टमध्ये तिला 'ऑब्जेक्ट रिपॉझिटरी' म्हणत. बटणाला आपण एक नाव द्यायचं आणि त्याच्यापुढं वर्णन ठेवायचं: हे बटण आहे, याच्यावर अमुक अक्षरं आहेत, हे अमुक खिडकीत आहे. टेस्ट चालताना हत्यार दर वेळी वही उघडायचं, वर्णन वाचायचं आणि पडद्यावर तसं कोण दिसतंय ते शोधायचं. हातात वस्तू नसायचीच, असायचं ते वर्णन. वर्णन शिळं होत नाही. ते जुळतं किंवा जुळत नाही.

शिवाय तेव्हाची पानंही सोशीक होती. एखाद्या लिंकवर टिचकी मारली की अख्खं पान पांढरं व्हायचं आणि दुसरं पान यायचं. आधीचं गेलं, पुढचं आलं, मध्ये स्पष्ट सीमारेषा. पानाचा एक तुकडा आपल्या डोळ्यादेखत बदलतोय आणि बाकीचं तसंच आहे, असला प्रकार क्वचित.

तो प्रकार नेमका मी लागले त्याच सुमाराला सुरू झाला. पानाला न हलवता मागच्या मागं सर्व्हरशी बोलायची सोय मायक्रोसॉफ्टनं आउटलुकच्या वेबवरच्या रूपासाठी आधीच करून ठेवली होती. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ती होती. पण लोकांच्या ती नजरेत भरली १ एप्रिल २००४ ला आलेल्या जीमेलमुळे आणि पुढच्या वर्षीच्या गूगल मॅप्समुळे. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला 'एजॅक्स' नाव दिलं आणि वर्षभरात आमच्या प्रत्येक क्लायंटला एजॅक्स हवं झालं. काय हवंय हे विचारलं की "ते पान न हलता बदलतं, तसं" असं उत्तर यायचं.

पान न हलता बदलतं, म्हणजे पानातल्या वस्तू पान उभं असतानाच मरतात आणि जन्मतात. ब्राउझर पानाचं एक झाड करून ठेवतो, त्याला डॉम म्हणतात. या झाडाचं पहिलं प्रमाण, वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं, १ ऑक्टोबर १९९८ ला जाहीर केलं, तेव्हापासून फांदी तोडणं आणि जोडणं हे अधिकृत काम आहे. एजॅक्सनंतर ते मिनिटाला दहादा व्हायला लागलं.

२००४ मध्येच शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स नावाचा एक जण कंपनीच्याच वेळ-खर्चाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर तपासता तपासता कंटाळला. त्यानं जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं हत्यार लिहिलं, जे ब्राउझरच्या पोटात बसून बटणं दाबायचं. पुढं त्याचं नाव पडलं सेलेनियम. नावामागं थट्टा होती: मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, असं म्हणतात. ज्यांच्याकडे चौघांत एक लायसन होतं, त्यांना ही थट्टा लगेच कळली. सेलेनियम फुकट होतं.

त्याच कंपनीतल्या पॉल हॅमंट यांनी ते बाहेरून चालवायची सोय केली, ती सेलेनियम आरसी. जपानमधल्या शिन्या कासातानी यांनी फायरफॉक्सला जोडून रेकॉर्डर दिला. आम्ही आरसी शिकलो. त्यातही प्रत्येक आज्ञेबरोबर वर्णनच जायचं: 'दाब, काय दाबू? अमुक आयडीचं बटण.' 'वाच, काय वाचू? तिसऱ्या ओळीतला दुसरा रकाना.' आज्ञा संपली की ओळख संपली. पुढच्या आज्ञेला पुन्हा नव्यानं शोध. संथ होतं, आठवणीतलं काही टिकत नव्हतं, म्हणूनच शिळंही होत नव्हतं. माझी सात वर्षं निर्धास्त गेली ती यामुळं.

पुढं थॉटवर्क्समध्येच सायमन स्ट्युअर्ट यांनी वेबड्रायव्हर लिहायला घेतलं. पानाच्या पोटात जावास्क्रिप्ट घालण्यापेक्षा ब्राउझरला त्याच्या स्वतःच्या दारातून चालवायचं, ही त्यांची वाट. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र येणार असं जाहीर झालं आणि जुलै २०११ मध्ये सेलेनियम २ आलं. आमच्या मॅनेजरनं त्याच महिन्यात सगळं नव्यावर आणायचं ठरवलं, आणि माझ्या त्या लाल सकाळीला मुहूर्त लागला.

वेबड्रायव्हरमध्ये वर्णन एकदाच द्यायचं. ते शोधून आणतं आणि आपल्या हातात एक वस्तू ठेवतं. खरं तर ठेवतं एक बिल्ला. देवळाबाहेर चप्पलस्टँडवर मिळतो तसा. खरी चप्पल ब्राउझरकडे, आपल्याकडे नंबर. पुढं 'दाब', 'वाच', 'अक्षरं टाइप कर' हे सगळं त्या नंबरावर चालतं. कोड लिहायला हे फार सुखाचं, वाचायलाही.

पण स्टँडवाला प्रामाणिक आहे. बिल्ला त्याच जोडाचा. तुमचा जोड कुणी उचलून नेला आणि त्याच खणात त्याच मापाचा, त्याच रंगाचा दुसरा जोड येऊन बसला, तरी तो तुम्हाला तो देणार नाही. "तुमची चप्पल होती, पण आता नाही," एवढंच सांगेल. स्टेल एलिमेंट म्हणजे हे वाक्य. ब्राउझर बघतो की हा बिल्ला ज्या फांदीचा, ती अजून झाडाला लागलेली आहे का. नसेल तर चूक. शेजारी हुबेहूब तशीच फांदी फुटलेली असली तरी चूक.

या चुकीला सुरुवातीच्या सी प्लस प्लस कोडमध्ये 'ऑब्सोलीट एलिमेंट' असं नाव होतं आणि तिचा नंबर १०. 'घटक नाहीच' या चुकीचा नंबर ७. ऑब्सोलीट म्हणजे कालबाह्य, मोडीत काढलेलं. 'स्टेल' हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. मोडीत निघालेलं कुणीतरी ठरवून काढतं. शिळं होण्यात कुणाचाच दोष नसतो. मधे फक्त वेळ गेलेला असतो.

मग उपायांचा काळ आला आणि तो फार अभिमानानं सांगण्यासारखा नाही. पहिला उपाय झोपेचा. 'थ्रेड डॉट स्लीप', कंसात पाच हजार, म्हणजे पाच सेकंद थांब. कुठं चूक आली की तिथं झोप घालायची. एका रनमध्ये आमच्या झोपांची बेरीज मी काढली होती, ती चाळीस मिनिटांच्या वर गेली. रात्रपाळीच्या वॉचमनपेक्षा आमची टेस्ट जास्त झोपायची. आणि शिळ्या बिल्ल्यावर झोपेचा उपयोग शून्य. चप्पल गेलेली असेल तर स्टँडसमोर पाच मिनिटं उभं राहून ती परत येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे तेच पुन्हा करणे. चूक पकडायची, गिळायची, पुन्हा दाबायचं, असं पाचदा. पहिल्या आवृत्तीत आमच्या त्या बार्शीच्या मुलानं पुन्हा शोधायचं सोडून त्याच बिल्ल्यावर पाचदा प्रयत्न लावला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, शिळ्या कढीला किती ऊत आणशील?" सगळी टीम हसली. मग आम्ही शहाणे झालो: चूक आली की वर्णनानं पुन्हा शोध आणि नवा बिल्ला घे. एक छोटं फंक्शन केलं आणि सगळीकडे लावलं. सकाळ हिरवी झाली. चहा गरम मिळायला लागला.

तो चहा आम्हाला महागात पडला.

चारेक महिन्यांनी वितरकाच्या गोडाउनमधून फोन आला. त्यांच्याकडे दोन कारकून एकाच यादीवर बसायचे. यादी दर अर्ध्या मिनिटानं आपोआप ताजी व्हायची. एकानं तिसरी ऑर्डर काढली. दुसऱ्यालाही तीच काढायची होती, त्याचा माउस तिसऱ्या ओळीच्या बटणावर होता. त्यानं बोट दाबायला आणि यादी वर सरकायला एकच गाठ पडली. चौथी ऑर्डर तिसरी झाली होती, ती उडाली. ऐन पेरणीच्या तोंडावर कुणाचे तरी क्लचचे भाग निघालेच नाहीत.

मी रन उघडला. आमची टेस्ट हीच परिस्थिती रोज रात्री अनुभवत होती. ती 'तिसऱ्या ओळीचं बटण' धरून होती, यादी सरकली की बिल्ला शिळा व्हायचा, टेस्ट ओरडायची, आमचं शहाणं फंक्शन तिचं तोंड दाबून तिला पुन्हा 'तिसऱ्या ओळीचं बटण' शोधायला पाठवायचं, आणि ते मिळायचंही. शेजाऱ्याचं. ती ओळच उरली नसेल तर दिसेल ते पहिलं बटण दाबलं जायचं. शेवटी दहाच्या दहा ऑर्डरी काढल्याच जायच्या, त्यामुळं यादी रिकामी आणि निकाल हिरवा. चप्पलस्टँडवाला सांगत होता की तुमची गेली, आणि आम्ही त्याच खणातली दुसऱ्याची घालून चालू पडत होतो.

त्या दिवशी मी ते फंक्शन सगळीकडून काढलं. पुढचे दोन आठवडे सकाळ लाल होती आणि प्रत्येक लाल ओळीला आम्ही एकच विचारत होतो: तीनपैकी कोणतं? भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मी तीन रकाने आखले. 'नव्हतंच', 'अजून आलं नाही', 'होतं, गेलं'. पहिल्यात आमचं वर्णन चुकलेलं असे. दुसऱ्यात नेमकी खूण दिसेपर्यंत थांबायचं, उगाच पाच सेकंद नव्हे. तिसऱ्यात मात्र आणखी एक प्रश्न: ते कुणी काढलं, आणि ते आपल्याला हवं होतं का?

हा तिसरा रकाना आमच्या धंद्याहून जुना आहे, हे मला उशिरा कळलं. डॉममध्येच त्याची मजेशीर जात आहे. 'गेट एलिमेंट्स बाय टॅग नेम' असं म्हणून यादी मागितली की ती जिवंत मिळते. झाडात बदल झाला की तीही बदलते. तिच्यावरून चालत चालत एकेक काढायला लागलं तर बरोबर एकाआड एक शिल्लक राहतं. रेशनच्या रांगेसारखं. पहिला माणूस बाहेर पडला की सगळे एक पाऊल पुढं सरकतात. तुम्ही 'आता दुसरा' म्हणून मोजायला जाता तेव्हा खरा दुसरा पहिल्या जागी जाऊन उभा असतो आणि तुम्ही तिसऱ्याला हात लावता. जुने जावास्क्रिप्टवाले सांगायचे, काढायचं असेल तर शेवटाकडून सुरू करा. पुढं 'क्वेरी सिलेक्टर ऑल' आलं, ते गोठवलेली यादी देतं; तिच्यात कुणी सुटत नाही, पण मेलेले यादीत राहतात. जावाच्या याद्यांनी १९९८ पासून तिसराच मार्ग घेतला: मी फिरत असताना कुणी यादीला हात लावला, तर मी पुढच्या पावलालाच ओरडणार. नुसतं चालत राहून चुकीचं उत्तर देण्यापेक्षा ओरडलेलं बरं.

सर्व्हरच्या बाजूलाही हा विचार झालेला होता. ४०४ सगळ्यांना माहीत आहे. पण १९९७ च्या एचटीटीपी प्रमाणात ४१० हाही आकडा आहे, त्याचा अर्थ 'होतं, आता कायमचं गेलं'. आणि काढून टाकण्याच्या आज्ञेबद्दल तिथं असं ठरलेलं आहे की ती एकदा दिली काय आणि दहादा दिली काय, शेवटची स्थिती एकच असली पाहिजे. माझ्या दृष्टीनं आमच्या गोडाउनच्या भानगडीचं उत्तर यातच होतं. ऑर्डर ओळखायची ती तिच्या नंबरानं, ओळीच्या जागेनं नव्हे. दुसऱ्या कारकुनानं तीच ऑर्डर काढायला सांगितली आणि ती आधीच गेलेली असेल, तर ती चूक नाही. त्याला हवं तेच झालंय. "ही ऑर्डर आधीच काढली आहे," एवढं पडद्यावर म्हणायचं आणि शेजारच्या ओळीला हात लावायचा नाही. पण तो जर तिची संख्या बदलायला आला असेल, तर त्याला थांबवायलाच हवं. वस्तू गेली हीच घटना, पण एका कामात ती यश आणि दुसऱ्या कामात अपयश. हे यंत्र ठरवू शकत नाही, म्हणून ते चूक आपल्याकडे पाठवतं.

सेलेनियममध्ये या चुकीचा एक सुंदर उलटा उपयोगही आहे. 'स्टेलनेस ऑफ' नावाची एक अट आहे: अमुक घटक शिळा होईपर्यंत थांब. पुढच्या पानावर जायचं बटण दाबण्यापूर्वी जुन्या पानातला एखादा बिल्ला खिशात ठेवायचा, दाबायचं, आणि तो बिल्ला बाद होण्याची वाट बघायची. बाद झाला म्हणजे जुनं पान गेलं. आतला कोड उघडून पाहिला तर तो घटकाला काहीतरी विचारतो, 'शिळा' ही चूक येते, ती तो पकडतो आणि 'हो, झालं' असं उत्तर देतो. इतरांच्या कोडमध्ये जे अपयश, ते इथं हवं असलेलं उत्तर. हे वाचल्यापासून ही चूक मला शत्रू वाटेनाशी झाली.

५ जून २०१८ ला वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत प्रमाण झालं. मी ते बसून वाचलं. आपल्या रोजच्या भांडणाला कायद्याची भाषा मिळाली की वाचायला मजा येते. त्यात बिल्ल्याला एक ठरलेली खूण आहे, 'एलिमेंट-६०६६' अशी सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ. कुठल्याही ब्राउझरनं घटकाचा बिल्ला पाठवला की तो याच नावाखाली पाठवायचा. आणि 'स्टेल एलिमेंट रेफरन्स' तिथं स्वतःच्या नावानं उभा आहे, 'नो सच एलिमेंट'पासून वेगळा. फक्त दोघांनाही एचटीटीपीचा आकडा ४०४ दिलाय. ४१० इतका चपखल आकडा मोकळा असताना. फळ्यावर तीन रकाने आखणाऱ्या बाईला हे थोडं लागतंच.

दरम्यान पानं आणखी अस्थिर झाली होती. मे २०१३ मध्ये फेसबुकनं रिअॅक्ट ही पानं बांधायची चौकट खुली केली. त्यात पानाचा कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे चौकटच ठरवते. यादीतल्या प्रत्येक ओळीला तिथं 'की' द्यावी लागते, म्हणजे ओळख. घाईत लोक ओळीचा क्रमांकच की म्हणून देतात. मग मधली ओळ काढली की चौथीनं टाइप केलेली अक्षरं पाचवीच्या अंगावर दिसतात. पाहिल्याबरोबर मला गोडाउनची ऑर्डर आठवली. जागेला ओळख समजण्याची चूक प्रत्येक पिढी नव्या भाषेत करते.

आणि मग हत्यारं गोल फिरून परत आली. आधी गूगलमध्ये पपेटियर या ब्राउझर चालवणाऱ्या हत्यारावर काम केलेल्या मंडळींनी मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन २०२० च्या जानेवारीत प्लेराइट आणलं. सुरुवातीला त्यातही बिल्लेच होते. २०२१ मध्ये त्यांनी 'लोकेटर' दिले: हातात वस्तू नाही, वर्णन, प्रत्येक कृतीच्या वेळी नव्यानं शोध, आणि मधेच फांदी तुटली तर आपोआप पुन्हा. सायप्रेस या दुसऱ्या हत्यारानंही डिसेंबर २०२२ च्या बाराव्या आवृत्तीत शोधाच्या आज्ञांची साखळी पुन्हा चालवायला सुरुवात केली, नेमकी ही तुटलेल्या घटकांची चूक घालवण्यासाठी. म्हणजे मर्क्युरीची वही, आरसीचं दर वेळचं वर्णन, मधली दहा वर्षं बिल्ला, आणि पुन्हा वर्णन.

पण परतलेलं वर्णन पूर्वीइतकं भोळं नाही. प्लेराइटचं वर्णन दोन घटकांना जुळलं आणि तुम्ही 'दाब' म्हणालात, तर ते दाबत नाही. दोन सापडले, नक्की कोण ते सांगा, म्हणून अडून बसतं. आरसीचा काळ आठवला की याची किंमत कळते. ते पहिलं दिसेल ते दाबून मोकळं व्हायचं. बिल्ल्यानं शिकवलेला प्रामाणिकपणा वर्णनानं असा थोडा उचलला.

थोडाच. कारण तोंड दाबायची सोय आता हत्यारातच आहे. गेल्या वर्षी आलेल्या मुलांनी 'स्टेल' हा शब्दच ऐकलेला नाही. त्यातल्या एकानं दाखवायला आणलेली टेस्ट उघडली. छान, आटोपशीर कोड. ऑर्डरींचीच यादी, दुसऱ्या क्लायंटची. मधे एका ओळीत लिहिलं होतं: 'एनटीएच, कंसात दोन'. मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसरी ओळ.

"हे काय धरलंयस?" मी विचारलं.

"तिसरी ऑर्डर, मॅडम. हिरवं आहे सगळं. महिनाभर एकदाही फेल नाही."

"तिसरी ऑर्डर की तिसरी ओळ?"

तो गप्प झाला. हुशार पोरगा आहे; खुर्ची ओढून बसला, कंसातला दोन खोडला, तिथं ऑर्डरीचा नंबर टाकला आणि पुन्हा चालवलं. पडद्यावर लाल आलं. त्या नंबराची ऑर्डर यादीत नव्हती. टेस्टनं पाच सेकंदांपूर्वी टाकली होती, आणि नव्हती.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता चहा पिऊन ये," मी म्हटलं. "मग बघू, कोण काढतंय ते."